सहा नंबरची डिस्क

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेळगावच्या सिंधुबाई घोगरे एसटीनं बारामतीला आल्या आणि एमआयडीसीतल्या संगणक केंद्राच्या दारात चपला काढून थेट आत शिरल्या. हातात तुऱ्यासकट उसाच्या शेंड्याचं एक वाढं होतं. व्यवस्थापक आप्पासाहेबांच्या टेबलावरच्या काचेवर त्यांनी ते आडवं ठेवलं.

"हे बगा. तुरा आलाय. आतनं पोकळ पडाय लागलाय. आमचा नंबर सतरावा. तोडणीची टोळी आमच्या बांधावरनं फुडं गेली आन् रतन मारकडाच्या रानात कोयता घातला. त्येचा नंबर शंभराच्या पल्याड. आमची पाळी कुणी खाल्ली?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो. आम्ही फक्त..."

"तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय म्हंतो, यादी बारामतीच्या कंपुटरनं पाठीवली. आमी कुणाला इचारायचं? कंपुटरला?" सिंधुबाईंनी पदर खोचला. "आन् रतनचा दाजी हितंच कामाला हाय, ते बी आमाला ठावं हाय."

काचेच्या पलीकडे, थंड खोलीत बसलेल्या राजेश्वरीनं हे शेवटचं वाक्य ऐकलं. तिनं नकळत मान वळवून डिस्कच्या कपाटाजवळ उभ्या असलेल्या झुंबर कोकरेंकडे पाहिलं. झुंबररावांनीही ऐकलं होतं. त्यांचा हात कपाटाच्या पत्र्यावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो त्यांनी काढून घेतला, खिशातली छोटी वही आत सरकवली आणि ते बाहेर निघून गेले.

राजेश्वरी बारामतीचीच. पुण्यात शिकून, तिथंच चार वर्षं एका कंपनीत काम करून ती मागल्या उन्हाळ्यात या केंद्रात आली होती. केंद्र दोन दूध संघांचं आणि इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याचं काम बघायचं. कारखान्याच्या हद्दीत कुणी कधी ऊस लावला, त्या तारखेची नोंद इथं राहायची आणि त्या तारखांवरून तोडणीची पाळी लागायची. पाळीची यादी दर सोमवारी सकाळी टेलिफोनच्या तारेवरून इंदापूरच्या गट कार्यालयातल्या प्रिंटरवर आपोआप उतरायची. गावोगावच्या भांडणाचं मूळ त्या यादीत असायचं, म्हणून तिला सगळे जपत.

केंद्रात दोन सर्व्हर होते. एकाचं नाव नीरा, दुसऱ्याचं कऱ्हा. दोघांच्या मधे लोखंडी कपाट आणि कपाटात दहा डिस्का. कपाट एकच, पण जोडलेलं दोघांना, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्यानं त्याचं काम उचलावं. अशा जोडणीला क्लस्टर म्हणत. प्रत्येक डिस्कचे पार्टिशन, म्हणजे आतले कप्पे, पाडलेले होते. कुठल्या पार्टिशनमध्ये दूध संघ, कुठल्यात कारखान्याचा एखादा गट, कुठल्यात गेल्या हंगामाची जुनी नक्कल. नियम एकच होता, पण फार कडक. एका वेळी एका पार्टिशनवर एकाच सर्व्हरनं लिहायचं. दोघांनी एकदम लिहिलं की दोघांचंही लिहिलेलं मातीत.

हे पार्टिशन कुणाकडे आणि ते कुणाकडे, ही वाटणी सहा वर्षं झुंबरराव हातानं करत आले होते. मूळचे ते वायरमन. वडील सोनबा मेंढरांमागं हिंडले, झुंबरराव विजेच्या खांबावर चढले, आणि केंद्र उघडलं तेव्हा वायरिंग करायला म्हणून आले ते ऑपरेटर होऊन बसले. वाटणीचा एक तक्ता त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून कपाटाला डकवला होता. सकाळी तक्ता बघायचा, पडद्यावर आज्ञा द्यायच्या, खूण करायची.

राजेश्वरीला ते बघून पहिल्याच दिवशी धडकी भरली होती. माणूस एखाद्या दिवशी चुकला तर? आजारी पडला तर? चार महिने खपून तिनं एक प्रोग्राम लिहिला. यंत्रं सुरू झाली की हा प्रोग्राम कपाटातल्या डिस्का मोजायचा, त्यांना ओळीनं नंबर द्यायचा आणि कुठलं पार्टिशन कुठल्या सर्व्हरला हे स्वतःच ठरवून टाकायचा. माणसाचा हात कुठंच लागायला नको. दसऱ्याला नारळ फोडून तो सुरू झाला. आप्पासाहेबांनी पुठ्ठ्याचा तक्ता काढायला सांगितलं. झुंबररावांनी तो काढला, दुमडला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

तेव्हापासून दोघांत काहीतरी आंबलं होतं. झुंबरराव कपाटाजवळ उगाच रेंगाळत. खिशातल्या वहीत काहीबाही लिहीत आणि ती आली की वही मिटत. तिनं एकदा विचारलं, "काय लिहिता, झुंबरराव?" ते म्हणाले, "माझं माझ्यापुरतं हाय, बाई."

आता सिंधुबाईंचं बोलणं ऐकल्यावर ती वही तिला वेगळीच दिसायला लागली.

सिंधुबाईंना चहा पाजून, यादी तपासतो असं सांगून आप्पासाहेबांनी वाटेला लावलं आणि राजेश्वरीला आत बोलावलं. "बाई, हे प्रकरण वर जाणार. यादी बदलली कशी, मला दुपारपर्यंत सांगा. आणि कुणी बदलली तेही."

दोन्ही सर्व्हर आपापल्या कामाची रोजनिशी ठेवत. तिला लॉग म्हणत. कुणी, किती वाजता, काय केलं, ते ओळीओळीनं आपोआप लिहिलं जायचं. राजेश्वरीनं आधी कऱ्हाचा लॉग काढला, कारण इंदापूरला यादी कऱ्हा पाठवायचा. एक डिसेंबर, सकाळी सहा चाळीस, यादी रवाना. तिनं ती यादी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. यादी गेल्या हंगामाची होती. गेल्या हंगामात रतन मारकड तिसरा होता. या हंगामाच्या पार्टिशनच्या जागी शेजारच्या डिस्कवरची जुनी नक्कल जोडली गेली होती.

आपोआप असं होईल कसं? तिनं नीराचा लॉग काढला. त्याच दिवशी, सहा पंधराला, एक ओळ होती. प्रोग्रामनं केलेली वाटणी हातानं बदलली. करणाऱ्याचं नाव, झुंबर.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. सहा पंधराला यानं वाटणी बदलली, सहा चाळीसला चुकीची यादी गेली. आणि झुंबररावांची पाळी सुरू व्हायची सातला. पाऊण तास आधी हा माणूस इथं काय करत होता? ती मागं मागं गेली. नोव्हेंबरात आणखी दोनदा तसंच. हातानं बदल, नाव झुंबर, वेळ त्यांच्या पाळीच्या आधीची.

तिनं दोन्ही कागद छापले. तिला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. प्रोग्राम चुकला नव्हता.

आप्पासाहेबांनी झुंबररावांना समोर उभं केलं. "झुंबर, एक तारखेला वाटणीला हात लावला होतास?"

"व्हय."

एवढ्या सरळ उत्तराची दोघांचीही तयारी नव्हती.

"कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाय. वाटणी चुकली हुती. मी सरळ केली."

"सहा पंधराला?"

झुंबररावांच्या कपाळावर आठी आली. "मी सातला आलो. सातच्या आधी मी कवाच येत न्हाय. वॉचमनला इचारा."

वॉचमनला बोलावलं. त्यानं रजिस्टर दाखवलं, सातला पाच कमी. पण वॉचमन वडगाव निंबाळकरचा आणि झुंबररावही वडगाव निंबाळकरचे. आप्पासाहेबांनी रजिस्टर न वाचताच मिटून परत केलं.

"झुंबरराव," राजेश्वरी म्हणाली, "तुम्ही बदल केला आणि पंचवीस मिनिटांनी तुमच्या मेव्हण्याचं नाव वर असलेली यादी इंदापूरला गेली. मशीन खोटं कशाला बोलेल?"

"मशिनचं मला ठावं न्हाय. यादी मी बदलली न्हाय."

"मग कुणी?"

झुंबररावांनी तिच्याकडं बघितलं. "ते तुमाला ठावं असंल, बाई. परोगराम तुमचा हाय."

आप्पासाहेबांनी टेबलावर हात आपटला. चौकशी संपेपर्यंत झुंबरनं घरी बसायचं, असं ठरलं. झुंबररावांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पिशवी उचलून ते एसटी स्टँडकडे चालू लागले. राजेश्वरी खिडकीतून बघत होती. एकदा तरी मागं वळून बघतील असं तिला वाटलं. ते वळले नाहीत, आणि तिनं तेही त्यांच्याविरुद्ध धरलं.

पुढचे दिवस वाईट गेले. इंदापूरला दुरुस्त यादी पाठवली, पण टोळ्या तोवर पार दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. सिंधुबाईंच्या उसाला आठ-दहा दिवस थांबणं आलं. रतन मारकडानं मात्र रान मोकळं करून गहू पेरला होता, आणि त्याच्या विहिरीच्या वाटेवरून जाणाऱ्या माणसांनी त्याला रामराम घालणं बंद केलं होतं. कारखान्याचे शेतकी अधिकारी केंद्रात आले, तासभर बसले, आणि जाताना राजेश्वरीला म्हणाले, "आणखी कोण कोण आहे यात, ते निघंलच." ते तिच्याकडं बघून बोलले की सहज बोलले, हे तिला कळलं नाही. दूध संघाचा माणूस रोज फोन करून आपले आकडे जागेवर आहेत ना, असं विचारायला लागला. केंद्रातला कारकून पडद्याशेजारून गेला तरी ती मान वर करून बघायची. एकदा संशय घरात शिरला की तो पाटावर बसूनच जेवतो.

सकाळच्या पाळीला आता माणूस नव्हता, म्हणून ती स्वतःच सातला यायला लागली.

सोमवारी ती आली तेव्हा एमआयडीसीतली वीज गेलेली होती. वीज गेली की यंत्रं चालवणाऱ्या बॅटऱ्या पंधरा मिनिटं तग धरत, त्यानंतर सगळंच बंद पडे. खोलीत अंधार नव्हता, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, पण यंत्रांचा आवाज नसल्यानं खोली रिकामी झाल्यासारखी वाटत होती. सात वाजून दहा मिनिटांनी वीज आली. पंखे घरघरले. कपाटातल्या डिस्कांचे हिरवे दिवे एकेक करून लागायला लागले. तिनं हे आधी कधी समोर उभं राहून बघितलंच नव्हतं, कारण ती यायची दहाला.

एक, दोन, तीन, चार, पाच. मग सात, आठ, नऊ, दहा. सहाव्या डिस्कचा दिवा लागला नव्हता. आतून नुसता कण्हल्यासारखा आवाज येत होता. पुष्कळ वेळानं, बाकी सगळ्या फिरायला लागल्यावर, सहावीचा दिवा लागला.

पडद्यावर तिच्याच प्रोग्रामनं डिस्का मोजून झाल्या होत्या. त्यानं हाक मारली, ज्यांनी ओ दिली त्यांना ओळीनं नंबर दिले. सहावी झोपेत होती, म्हणून सातवीलाच त्यानं सहा नंबर दिला. आणि सहा नंबरच्या डिस्कवर इंदापूर गटाची चालू लागण, म्हणजे या हंगामाच्या लावणीची नोंद, असते, असं तिनंच त्याला शिकवलं होतं. सातवीवर गेल्या वर्षीची नक्कल होती, पार्टिशनची मापं अगदी तीच. प्रोग्रामला कुठंच खटकलं नाही. त्यानं जुनी नक्कल कऱ्हाला जोडून दिली आणि 'वाटणी पूर्ण' असं लिहिलं.

शेजारी टेलिफोनच्या तारेला जोडलेला मोडेम फोन लावायला लागला. वीज नसल्यानं अडलेली यादी निघाली होती.

राजेश्वरीनं धावत जाऊन भिंतीतली टेलिफोनची पिन उपटली. मग ती नीरासमोर बसली आणि तिनं हातानं वाटणी बदलली. सातवी काढली, सहावी लावली. चालू हंगामाची यादी पडद्यावर आली, सिंधुबाई घोगरे, सतरा. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात झाले होते.

थोडी सावरल्यावर तिनं सवयीनं नीराचा लॉग उघडला. शेवटची ओळ होती, वाटणी हातानं बदलली. नाव, राजेश्वरी. वेळ, सहा पाच.

सहा पाचला ती घरी आरशासमोर वेणी घालत होती.

तिनं नीराचं घड्याळ बघितलं आणि कऱ्हाचं बघितलं. कऱ्हाचं भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होतं. नीरा पंच्याऐंशी मिनिटं मागं होता. मग तिनं त्याचा पत्रा उघडला. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी आतली बटणाएवढी बॅटरी इतकी उतरली होती, की वेळ लक्षात राहायची पण पुढं सरकायची नाही. जेवढा वेळ यंत्र बंद असायचं तेवढा वेळ नीराचं घड्याळ थांबून राहायचं, आणि दर वेळी ते थोडं आणखी मागं पडायचं.

तिनं कागद घेतला आणि एक तारखेच्या दोन वेळा पुन्हा मांडल्या. यादी गेली सहा चाळीसला, ती वेळ खरी. कऱ्हाच्या लॉगप्रमाणे आज यंत्रं पस्तीस मिनिटं बंद होती, आणि एक तारखेनंतरचं बंद पडणं हे पहिलंच, म्हणजे एक तारखेला नीरा पन्नास मिनिटं मागं होता. झुंबररावांनी वाटणी बदलली ती नीराच्या सहा पंधराला, म्हणजे खऱ्या सात वाजून पाच मिनिटांनी. आधी यादी गेली होती. झुंबरराव सातला आले, त्यांना वाटणी चुकलेली दिसली, त्यांनी ती सरळ केली. यादी आधीच इंदापूरला उतरलीय हे त्यांना माहीतही नव्हतं. तिनं चोर म्हणून ज्याला पकडलं, तो घर राखणारा होता.

आणि मग तिला दसऱ्याच्या आठवड्यातली एक दुपार आठवली. झुंबरराव तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. "बाई, ती सहा नंबरची डिस्क जुनी झाली. मोटार जुनी झाली की उशिरा उचलती, तसं. लाइट गेल्यावर बगा एकदा." ती हसली होती. म्हणाली होती, "झुंबरराव, आता नंबर बघायचं काम प्रोग्रामचं आहे. तुम्ही निवांत राहा." शेजारचा कारकूनही हसला होता.

दहाला आप्पासाहेब आल्यावर तिनं दोन्ही घड्याळं त्यांना दाखवली. त्यांनी बघितलं, ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"झुंबरला बोलावून घेऊ. पण कारखान्याला आपण तांत्रिक बिघाड एवढंच लिहायचं. तुमचं नाव कशाला?"

"चूक माझी आहे, साहेब. प्रोग्राम माझा आहे."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं तिरकं बघितलं. "गेल्या मंगळवारी तुम्हीच त्याला पकडून दिलंत. आज तुम्हीच सोडवताय. मधे कुणी भेटलं वगैरे तर नाही ना तुम्हाला?"

झुंबररावांना त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते राजेश्वरीला नेमकं तेव्हा कळलं. घडलेलं सगळं एका कागदावर लिहून, खाली सही करून तिनं तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बारा वाजताची वडगाव निंबाळकरची एसटी पकडली.

झुंबररावांचं घर गावाबाहेर कॅनॉलच्या अंगाला होतं. ओट्यावर त्यांची बायको साखरबाई शेंगा फोडत बसली होती. राजेश्वरीनं नाव सांगितल्यावर तिचे हात थांबले. तिनं बसा म्हटलं नाही.

"मालक शेजारच्या वस्तीवर मोटार दुरुस्त कराय गेल्यात. काय काम हुतं?"

"त्यांना परत बोलवायला आले. त्यांची काही चूक नव्हती. माझी होती."

साखरबाई तिच्याकडं बघत राहिली. "माझा भाऊ परवा हितं आला हुता. मालकास्नी म्हनला, दाजी, तुमी माझ्यासाठी केलं असंल तर मला आदी सांगायचं तरी, मी नगं म्हनलो असतो. सख्ख्या मेव्हण्यानं आसं इचारलं. मालक जेवता जेवता उठलं." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तुमच्या आपिसात चूक सापडली, बरं झालं. ह्ये कुठनं सापडायचं?"

राजेश्वरी ओट्याच्या कडेला, न सांगताच, बसून राहिली. अर्ध्या तासानं झुंबरराव आले. हातावर ग्रीस होतं. तिला बघून ते थबकले, मग रांजणाजवळ जाऊन हात धुवायला लागले. ती तिथंच जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सहावीचा दिवा, उपटलेली पिन, नीराचं घड्याळ, सहा पाच. शेवटी झुंबररावांनी खिशातली वही काढून तिच्या हातात दिली.

तीन तारखा होत्या. प्रत्येकीपुढं वॉचमनला विचारून लिहिलेली वीज गेल्या-आल्याची वेळ, सहा नंबरच्या जागी सातवी लागल्याची खूण, आणि वाटणी सरळ केली ती वेळ. मनगटावरच्या घड्याळाची. एक डिसेंबरपुढं लिहिलं होतं, सात वाजून पाच.

"हे तुम्ही त्या दिवशी दाखवलं का नाही?"

"दाखीवलं असतं तर मी घरी लिवून आणलं म्हनला असता."

ते खरं होतं. तिनं मान खाली घातली. "पण आधी? पहिल्यांदा मी हसले, ते चुकलंच. दुसऱ्यांदा का नाही सांगितलं?"

झुंबररावांनी पंच्याला हात पुसले. "आता सांगतो, राग नगा मानू. मला वाटलं, तुमाला सगळं ठावं हाय. तुमी मुद्दाम गप बसलाय आन् माझ्या हातनं सरळ करून घेताय. उद्या काय बिगडलं, तर हात लावल्याचं नाव माझं निगावं. म्हनून तर वही ठिवली."

म्हणजे दोन महिने दोघं एकाच कपाटाच्या दोन बाजूंना उभी होती आणि दोघंही एकमेकांवर पहारा करत होती. सहावी डिस्क मात्र दोघांच्या मधे दर वेळी उशिरा उठत होती.

"चहा ठेव गं," झुंबरराव आत वळून म्हणाले. आतून भांड्याचा आवाज यायला जरा वेळ लागला, पण आला.

रविवारी दोघांनी केंद्र दिवसभर बंद ठेवलं. चूक कुठं होती हे आता उघड होतं. डिस्का ओ देतात त्या क्रमानं त्यांना नंबर द्यायचा, हेच मुळात खोटं होतं. त्यांनी प्रत्येक पार्टिशनच्या अगदी सुरुवातीला त्याचं नाव लिहून टाकलं. इंदापूर गट, चालू. इंदापूर गट, गेला हंगाम. प्रोग्राम आता डिस्क कितवी आहे हे बघणार नव्हता. तो आत जाऊन नाव वाचणार होता, आणि एखादं नाव सापडलं नाही तर वाटणी न करता थांबून माणसाला हाक मारणार होता. हा शेवटचा भाग झुंबररावांनी घालायला लावला. "समदं आपलं आपण करायचं म्हंजी अडलं तर इचारायचं बी न्हाय, आसं कुठं असतंय?"

नीराची बॅटरी बदलली. मग झुंबररावांनी मुख्य बटण खाली ओढलं. सगळं शांत झाल्यावर त्यांनी सहावी डिस्क काढून नवव्या खणात घातली, नववी तिसऱ्यात, तिसरी सहाव्यात, आणि बटण वर केलं. राजेश्वरी पडद्यासमोर बसली. सहावी नव्या खणातही उशिरा उठली. प्रोग्राम तिच्यासाठी थांबला, नाव वाचलं आणि इंदापूरची चालू लागण कऱ्हाला दिली. तसं त्यांनी सात वेळा केलं. आठव्यांदा त्यांनी सहावी डिस्क कुठल्याच खणात घातली नाही, आणि पडद्यावर अक्षरं आली, इंदापूर गट, चालू, सापडत नाही, बघावे.

"आता बरं हाय," झुंबरराव म्हणाले.

मंगळवारी गट कार्यालयात बैठक होती. आप्पासाहेब आले नाहीत. केंद्राच्या जीपमधून, ड्रायव्हरला घेऊन, दोघंच इंदापूरला गेली. कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस माणसं होती. रतन मारकड एकटाच मागं खांबाला टेकून उभा होता. राजेश्वरीनं उभं राहून साध्या शब्दांत सांगितलं. यादी चुकली, ती तिच्या प्रोग्राममुळं. झुंबररावांनी ती चूक तीनदा निस्तरली होती आणि तिनं त्यांनाच दोषी ठरवलं. रतनरावांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पढवून आणलंय बोलाय." दोघंचौघं हसली.

सिंधुबाई पुढं बसल्या होत्या. त्यांचा ऊस कालच तुटून गेला होता, तुऱ्यासकट. त्या वळून म्हणाल्या, "कोन हासलं त्ये? बाईमाणूस भर बैठकीत चुकलं म्हनून सांगतीया. तुमच्यातला कोन कवा म्हनला, माझं चुकलं म्हनून?" मग राजेश्वरीकडं बघून त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्या उसाचं वजन गेलं त्ये गेलं. मी बी त्या रतनच्या तोंडावर बोलली. आता त्येच्या दारात मला जावं लागंल." त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर खांबाकडं गेल्या. काय बोलल्या ते पुढं ऐकू आलं नाही. रतननं नुसती मान हलवली.

सगळं मिटलं असं म्हणता येणार नाही. बाहेर पडताना पानाच्या टपरीपाशी दोन माणसं जीपकडं बघून कुजबुजत होती, आणि त्यातल्या एकाच्या तोंडून 'दाजी' हा शब्द स्वच्छ ऐकू आला. झुंबररावांनीही ऐकला. ते जीपमध्ये बसले.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ओळीनं चालले होते, आणि ड्रायव्हर त्यांना चुकवत होता. अंथुर्णे गाव मागं पडल्यावर झुंबरराव म्हणाले, "बाई, एक मागू का?"

"बोला ना."

"त्यो लॉग वाचाय मला शिकवा. विंग्रजीत काय काय लिवलेलं असतंय त्ये. माझ्यावर काय लिवलंय, त्ये दुसऱ्यानं मला वाचून दाखवायचं आन् मी नुसतं उभं ऱ्हायाचं, आसं पुन्ना नगं."

राजेश्वरीनं पर्समधून एक तारखेच्या लॉगचे दोन्ही कागद काढले. बैठकीत दाखवायला म्हणून आणले होते, ते कुणी मागितलेच नव्हते. तिनं नीराचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

"हा पहिला रकाना तारखेचा. दुसरा वेळेचा. आता मला सांगा, ही वेळ कुठल्या मशीनची?"

झुंबररावांनी चष्मा लावला. जीप खड्ड्यांतून उडत होती. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत, वाचायला सुरुवात केली.